नाव नसलेले दुखणे : सीमाभागातल्या एका रोगाचा इतिहास

गेल्या दिवाळीत भाऊबिजेला निपाणीला गेलो होतो. डिचोलीहून पहाटे निघायचे, चोर्ला घाट चढून बेळगाव गाठायचे, तिथे चहा घ्यायचा आणि हमरस्त्याने संकेश्वरवरून पुढे निपाणी. आक्काचे लग्न झाल्यापासून, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, ही वाट माझ्या पायाखालची आहे. घरची थोडी तंबाखूची शेती, दोन म्हशी, सासूबाई अजून हिंडत्याफिरत्या. जेवण झाल्यावर आक्काने कपाटातून एक लांबट वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"बाबू, तू सरकारी माणूस. एवढा हिशोब बघ. गटातल्या बायका म्हणतात, चारशे रुपये कमी आहेत. मी घेतले नाहीत रे."

ती वही महिला बचत गटाची होती. आक्का नऊ वर्षे या गटाची खजिनदार. तिच्या हिशोबात आजवर रुपयाची चूक कुणी काढली नव्हती. मी पान पान तपासत तासभर बसलो. पैसे कुठेच गेले नव्हते. दोन बायकांचे दोनशे-दोनशेचे हप्ते एकाच महिन्यात दोनदा मांडले गेले होते, त्यामुळे वहीत रक्कम जास्त आणि पेटीत कमी. चूक साधी होती, पण ती आक्काच्या हातून झाली याचे मला नवल वाटले. शाळेत गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवणारी ही माझी बहीण.

सासूबाई चौकटीशी बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "दुखण्यातनं उठली म्हणायचं, पर उठल्यागत वाटत न्हाई बघा."

दुखणे म्हणजे दोन वर्षांपूर्वीचे. पावसाळ्यात गोठ्याजवळ आक्काच्या टाचेला पत्र्याचा तुकडा लागला. हळद भरली, चिंधी बांधली आणि कामाला लागली. चौथ्या दिवशी अंगात हुडहुडी भरली, श्वास जोरजोरात चालू झाला, हातपाय मात्र गार. मग ती बरळू लागली. "आई आली आहे, दार उघडा," असे सारखे म्हणे. आमची आई जाऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती. शेजारणींनी बाहेरचे काही असेल म्हणून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. रात्री भावजींनी गाडी करून तिला बेळगावला नेले. अकरा दिवस अतिदक्षता विभागात होती. घरी पाठवताना दिलेल्या कागदावर इंग्रजीत दोन शब्द होते, सेप्टिक शॉक. ती वाचली, पायही वाचला. घरच्यांनी ग्रामदैवताला नारळ दिला आणि सगळ्यांच्या लेखी विषय तिथेच संपला.

त्या वहीमुळे मी या दुखण्याच्या मागे लागलो. मी डॉक्टर नव्हे. कला शाखेचा पदवीधर, इतिहासाची आवड असलेला एक कारकून. पण वाचत गेलो तसे लक्षात आले की, ज्या बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात माझी बहीण मरता मरता वाचली, त्याच पट्ट्याचा या रोगाच्या इतिहासात मोठा वाटा आहे. आपल्या गोव्यातल्या वाचकांना तो ठाऊक असावा म्हणून हा लेखप्रपंच.

आधी शब्दाविषयी. सेप्सिस हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ कुजणे. आपल्याकडे संस्कृतात पूति म्हणजे कुजका, दुर्गंधी. जखमेवर लावायच्या अँटिसेप्टिक औषधाला आपल्या पाठ्यपुस्तकांनी पूतिरोधक म्हटले ते यावरूनच. दोन्हीकडच्या जाणत्यांनी नाकाला आलेल्या वासावरून नाव ठेवले. बोलीत आपण 'जखम सेप्टिक झाली', 'रक्तात विष भिनले' असे म्हणतो. आजचे वैद्यकशास्त्र मात्र याहून थोडे वेगळे सांगते. २०१६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी जी व्याख्या ठरवली तिच्यानुसार, जंतुसंसर्गाशी लढताना शरीराचीच यंत्रणा बिथरते आणि स्वतःच्या मूत्रपिंड, फुप्फुस, यकृत अशा अवयवांना निकामी करू लागते, ती अवस्था म्हणजे सेप्सिस. ढेकूण मारण्यासाठी घर पेटवावे तसे काहीसे. संसर्ग टाचेतला असो, लघवीचा असो, न्यूमोनियाचा असो की बाळंतपणातला, शेवटची वाट हीच.

इथेच इतिहास लिहिणाऱ्याची अडचण सुरू होते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर मी चार वर्षे काढली आहेत. जुन्या नोंदींत मृत्यूचे कारण म्हणून काय दिसते? ताप. बाळंतपण. म्हातारपण. या तापाच्या आड किती जणांचे रक्त नासले होते ते आता कुणालाच सांगता येणार नाही. देवी, पटकी, प्लेग यांना नावे होती, म्हणून त्यांचा इतिहास झाला, त्यांच्या नावाने देवळेही झाली. सेप्सिसला नाव नव्हते.

नाव नसले तरी भीती होती, आणि ती आपल्या रीतिरिवाजांत शिल्लक आहे असे मला वाटते. मूल जन्मल्यावर घाटावर पाचवी पुजतात, सटवीची पूजा करतात. आपल्याकडे गोव्यातही सटी असते. त्या रात्री दिवा विझू द्यायचा नाही, बाळबाळंतिणीपाशी जागे राहायचे, सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते अशी समजूत. आता बाळंतज्वराचा काळ पाहा. प्रसूतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पहिल्या दहा दिवसांत तो बहुधा डोके वर काढतो. नाळेवाटे होणारा बाळाचा धनुर्वातही पहिल्या आठवड्याच्या आसपासच दिसतो. ज्या रात्री आपल्या आज्या-पणज्या जागत बसत, त्या रात्री खरोखरच धोक्याच्या होत्या. आक्काच्या सासूबाईंची आई त्यांच्या पाठच्या भावाच्या वेळी सातव्या दिवशी गेली. "बाळंतरोग झाला," एवढेच त्यांना ठाऊक. भाऊही राहिला नाही.

युरोपात हे कोडे उलगडायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने पाहिले की, शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या वॉर्डात बायका जास्त मरतात, सुइणींच्या वॉर्डात कमी. त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. सहकाऱ्यांनी मात्र त्याचे ऐकले नाही. १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात वारला, आणि तोही जखम चिघळून. त्याच वर्षी ग्लासगोत जोसेफ लिस्टरने कार्बोलिक ॲसिडने जखमा बांधायला सुरवात केली.

हे ज्ञान आपल्या भागात आले ते मुख्यतः इस्पितळांतून. पणजीची वैद्यकीय शाळा १८४२ सालची, म्हणजे सेमेलवाइसच्याही आधीची. हे आपल्याला अभिमानाचे खरे, पण घाटावरच्या माणसाला पणजी लांब. निपाणी, चिकोडी, बेळगावच्या लोकांचा भरवसा होता तो मिरजेवर. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली तिथे मिशन इस्पितळ उघडले. तिथल्या शस्त्रक्रियेची कीर्ती एवढी पसरली की 'मिरजेला नेले' म्हटले की माणूस शेवटच्या उपायाला लागला, हे या बाजूला सगळ्यांना कळत असे.

तेवढ्यात प्लेग आला. १८९६ साली मुंबईत दिसलेला प्लेग पुढच्या दोन वर्षांत बेळगाव-धारवाडच्या बाजूला पोचला. माणसे गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहिली. प्लेगची गाठ सर्वांना माहीत आहे, पण त्याचा एक प्रकार असा की, जंतू थेट रक्तात शिरतो आणि गाठ वर येण्याआधीच माणूस जातो. तोही सेप्सिसच. जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत डॉ. हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, ती याच धावपळीत. बेळगावला टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपो नावाचे झाडीचे मोठे मैदान आहे. आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले असेल. ब्रिटिश अमदानीत तिथे वासरांच्या अंगावर देवीची लस तयार करून ती इलाख्यात धाडली जाई. रोग होण्याआधीच त्याला अडवायचे, हा धडा या शहराने शंभर वर्षांपूर्वी गिरवला होता.

औषध यायला मात्र आणखी वेळ लागला. जर्मनीत गेर्हार्ड डोमाकने प्रॉन्टोसिल हे पहिले सल्फा औषध १९३५ साली जाहीर केले. त्याने ते आपल्या लेकीलाही दिले होते. सुई घुसून तिचा हात सडू लागला होता आणि तो कापायची वेळ आली होती. औषधाने तो हात वाचला. पुढे पेनिसिलिन आले आणि पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला. ज्या आजारात माणूस हमखास जायचा, त्यातून तो एका इंजेक्शनने उठून बसू लागला. सेप्सिस आता संपला, असा समज तेव्हापासून घट्ट झाला असावा.

तो संपला नव्हता, हे महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दाखवून दिले. गडचिरोलीच्या खेड्यांत नवजात बाळे मरत होती आणि त्यातला मोठा वाटा जंतुसंसर्गाचा होता. दवाखाना दूर, आईबाप बाळाला बाहेर नेत नाहीत. मग त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. बाळाचे वजन, श्वास, दूध ओढणे बघायचे, सेप्सिसची लक्षणे ओळखायची आणि गरज पडली तर घरातच जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायचे. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला. ३९ गावांत ही सेवा होती, ४७ गावांशी तुलना केली होती, आणि तिसऱ्या वर्षी सेवेच्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेने ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. थोडेफार शिकलेल्या बाईला लक्षणे नीट समजावून दिली तर ती सेप्सिस ओळखू शकते, हा त्यातला मोठा धडा. त्या निबंधाच्या नावातच सेप्सिस हा शब्द आहे.

आता पुन्हा बेळगावकडे येऊ. तिथले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ सालचे. गेली अनेक वर्षे ते बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत बाळंतिणींच्या प्रश्नांवर संशोधन करीत आले आहे. २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला त्यांचा एक अभ्यास बाळंतपणातल्या रक्तस्रावाचा होता. गावपातळीवरच्या परिचारिकेने बाळंतिणीला एक साधी गोळी दिली तर रक्तस्रावाचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटते, हे १६२० बायकांच्या त्या अभ्यासातून दिसले. त्यानंतर पाळी आली सेप्सिसची.

२०१९ ते २०२२ या काळात सात देशांत एक मोठी चाचणी झाली. भारतातली तिची केंद्रे दोन, बेळगाव आणि नागपूर. बेळगावच्या बाजूने डॉ. शिवप्रसाद गौडर हे तिच्या प्रमुख संशोधकांपैकी एक. प्रश्न सोपा होता. नैसर्गिक प्रसूती होऊ घातलेल्या बाईला कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिनची दोन ग्रॅमची एकच मात्रा तोंडाने दिली तर बाळंतपणातला सेप्सिस टळेल का? एकूण २९,२७८ बायका या चाचणीत होत्या. साध्या गोळ्या दिलेल्या गटात दर हजारी सुमारे २४ जणींना सेप्सिस किंवा मृत्यू आला, औषध दिलेल्या गटात सुमारे १६ जणींना. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवण्यात आली. निष्कर्ष २०२३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आले.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. या गोळीने बाळांमधला सेप्सिस कमी झाला नाही. मृत्यू दोन्ही गटांत फारच थोडे होते, फरक पडला तो मुख्यतः सेप्सिस होण्यात. शिवाय अँटिबायोटिकचा वापर वाढला की जंतू त्याला दाद देईनासे होतात, ही चिंता आहेच. तेव्हा हे वाचून कुणी आपल्या मनाने औषध घेऊ नये. पण विचार करा, सासूबाईंच्या आईला ज्या रोगाने सातव्या दिवशी नेले, त्याला अडवणाऱ्या गोळीची परीक्षा त्यांच्याच जिल्ह्यातल्या बायकांवर झाली आणि तिचा निकाल सगळ्या जगाने वाचला. त्या बायकांची नावे कुठल्याही निबंधात नाहीत. तरी या इतिहासातला त्यांचा वाटा डॉक्टरांएवढाच आहे.

इथवरचा इतिहास मृत्यू टाळण्याचा झाला. जे वाचतात त्यांचे काय? हा प्रश्न वैद्यकालाही उशिरा पडला. २०१० साली अमेरिकेत वयस्क रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गंभीर सेप्सिस होण्याआधी त्यांच्यापैकी सुमारे ६ टक्के जणांची स्मरणशक्ती व समज मध्यम ते तीव्र प्रमाणात बिघडलेली होती, वाचल्यानंतर ते प्रमाण सुमारे १७ टक्के झाले आणि वर्षानुवर्षे टिकले. चालणे, आंघोळ, पैशांचा व्यवहार अशा रोजच्या गोष्टीही त्यांना जड जाऊ लागल्या. पैशांचा व्यवहार हे शब्द वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो.

आक्का त्या अभ्यासातल्या लोकांहून बरीच तरुण आहे, पण तिच्या तक्रारी एकेक जुळत गेल्या. इस्पितळातून आल्यावर तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळले. जिना चढताना मांड्या भरून येतात. रात्री दचकून उठते, यंत्रांचे आवाज ऐकू येतात म्हणते. दूध उतू जाईपर्यंत समोर उभी असते. यातले काहीही तिने कुणाला नीट सांगितले नव्हते, कारण वाचल्याबद्दल सगळे तिला नशीबवान म्हणत होते आणि नशीबवान बाईने कुरकुर कशी करायची? घरचे म्हणत, आळशी झाली. गटातल्या बायका त्याहून वाईट बोलल्या. या लक्षणांना आता सेप्सिसनंतरच्या त्रासांचा एक समूह म्हणून ओळखतात. बऱ्याच जणांना महिनोन्महिने, काहींना वर्षानुवर्षे तो पुरतो. व्यायाम, विश्रांती, बोलणे आणि डॉक्टरांची नियमित भेट यांनी अनेकांना हळूहळू फरक पडतो. पुन्हा संसर्ग होण्याचा धोकाही अशा माणसाला अधिक असतो, म्हणून साध्या तापाकडेही दुर्लक्ष करायचे नसते.

२०१२ पासून १३ सप्टेंबर हा जागतिक सेप्सिस दिन पाळतात. मे २०१७ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने सर्व देशांना या रोगाकडे लक्ष देण्याचे आवाहन करणारा ठराव केला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख वेळा सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख माणसे गेली. उरलेले पावणेचार कोटींहून अधिक वाचले. त्यांच्यापैकी किती जणांच्या हातात अशी एखादी चुकलेली वही असेल?

बेळगाव-निपाणीत १९५६ पासून भाषेचा वाद आहे. दुकानाची पाटी कोणत्या भाषेत, बसवरची अक्षरे कोणत्या भाषेत, यावर पिढ्या भांडल्या. त्या वादाची बाजू मांडण्याची ही जागा नव्हे. पण आक्काचा तो इस्पितळाचा कागद हातात घेतल्यावर मनात आले की, कानडी शेजारीण आणि मराठी सासूबाई या दोघींनाही तो सारखाच परका होता. दोघींच्याही भाषेत या दुखण्याला रोजच्या वापरातले नाव नाही. मग ते ओळखणार कसे? आपल्या गोव्यातही याहून वेगळे नाही. कोकणीत विचारा, मराठीत विचारा, जोर आला, ताप आला, याच्यापुढे शब्द जात नाही.

म्हणून निदान खुणा तरी घरोघर ठाऊक असाव्यात. कुठलाही संसर्ग, जखम किंवा ताप असताना माणूस बरळू लागला, श्वास भराभर चालू लागला, हातपाय गार किंवा काळे-निळे पडले, लघवी फार कमी झाली, हुडहुडी थांबेना, तर ते बाहेरचे नव्हे. सकाळची वाट पाहू नये. इस्पितळात पोचल्यावर 'हा सेप्सिस तर नाही ना?' असे सरळ विचारावे. इथे तासातासाला महत्त्व असते. भावजींनी त्या रात्री गाडी केली नसती तर हा लेख वेगळा झाला असता.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मी आक्काबरोबर गटाच्या अध्यक्षबाईंकडे गेलो. त्यांच्यासमोर वही उघडून दोनदा मांडलेले ते हप्ते दाखवले आणि आक्काला काय झाले होते, त्यानंतर असे का होते, तेही जमेल तसे सांगितले. बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आमच्या जावेचं बी असंच झालंय की हो, मूतखड्याच्या दुखण्यानंतर. आम्ही तिला येडी म्हणतोय."

वही आता आक्का आणि ती जाऊ मिळून लिहितात. एकीने मांडायचे, दुसरीने तपासायचे. परवा फोनवर आक्का म्हणाली, "बाबू, या महिन्यात हिशोब लागला."